मुद्देमाल

कोर्टातला दिवा मंद झाला, तसं सरकारी वकिलांनी वर बोट दाखवलं. "साहेब, बघा. आत्ताही चोरी चालूच आहे."

आरोपीच्या पिंजऱ्यात सगुणाबाई तांडेल उभ्या होत्या. त्यांच्या छातीत बसवलेलं यांत्रिक हृदय जवळच्या कुठल्याही तारेतून आपोआप वीज ओढून घ्यायचं. कंपनीने घराची वीज तोडल्यापासून त्या रोज रस्त्यावरच्या दिव्याखाली जाऊन बसत. तिथेच भरारी पथकाने त्यांना पकडलं होतं.

"मी नाही हो घेत, साहेब," त्या म्हणाल्या. "ते आपलं आपणच घेतं. भीती वाटली की जास्त घेतं."

दिवा आणखी मंदावला.

न्यायाधीशांनी चष्मा पुसला. "बाई, तुमचं वय बघून तुरुंगवास देत नाही. पण चोरीसाठी वापरलेलं यंत्र नेहमीप्रमाणे जप्त होईल."

शिपायाने मुद्देमालाची कापडी पिशवी आणली आणि सील करायला लाख वितळवत ठेवली. दोन पंच पुढे आले. हवालदाराने पिंजऱ्यात खुर्ची सरकवली.

"बसा आजी," तो हळूच म्हणाला. "उभ्या राहिलात तर पडाल."