घरफोडीचा इरादा

“कडी तुमीच उचकटली?” हवालदारानं विचारलं.

“हो. विळ्याच्या टोकानं,” नेमसिंग म्हणाला.

त्याला गल्लीतल्या लोकांसोबत ठाण्यात आणणारी, फोडलेल्या घराच्या शेजारची बाई मागे उभी होती. “साहेब, घर तं...” ती सांगायला गेली. हवालदारानं तिला हातानंच थांबवलं. “काकू, तुमी साऱ्यायले घेऊन घरी जा. मी पाह्यतो.”

मग त्यानं नेमसिंगचं नाव विचारलं, तांडा विचारला. उत्तर ऐकून त्यानं पेन खाली ठेवला आणि पाण्याचा पेला पुढे सरकवला. टेबलावर रंगीत टाक्यांची एक लहानशी गोधडी पडली होती.

“हे त्या घरातून उचललं?”

“नाही. ठेवाले गेलतो.”

“हे पाहा बाबा, कडी मोडून आत शिरले, म्हंजे दिसाले घरफोडीच. पण इरादा काय होता ते पाहा लागते. चोरीचा नव्हता, तं कायचा होता?”

नेमसिंगनं पेला उचलून पाणी पिऊन टाकलं.

त्याच्या लेकीनं, ममतानं, जातीबाहेर लग्न केलं तेव्हा त्यानं साऱ्या तांड्यासमोर सांगितलं होतं, की मला लेक नाही. जावई कोण, काय करतो, हे त्यानं विचारलं नाही आणि घरात कोणाला बोलूही दिलं नाही. आता तिला मुलगी झाल्याचं कळलं. बायकोनं, हंसाबाईनं, गोधडी शिवली आणि काही न बोलता त्याच्या पिशवीत टाकली. दिग्रसला उतरून, पत्ता विचारत तो पोचला, तर दाराला कुलूप. लेकीसमोर उभं राहायला नको म्हणून त्याला बरंच वाटलं. मागच्या दाराची कडी उचकटून तो आत गेला, गोधडी पाळण्यात पसरली, आणि रिकामा पाळणा उगाच एकदा हलवून पाहिला. तेवढ्यात शेजारणीनं आरडाओरड केली आणि लोकांनी त्याला गोधडीसकट धरून आणलं.

हे सांगायचं तर पहिला शब्द ‘लेक’ हाच येणार होता.

बोलावणं गेलं होतं, म्हणून ममता आली. कुशीत बाळ. बापाला पाहून ती दारातच थांबली.

“घरच्या बाई ह्याच,” हवालदार म्हणाला. “यायले ओळखता काय?”

“त्यायलेच विचारा,” ममता म्हणाली. “ते ओळख देतीन, तं मीबी देईन.”

“बाबा, सांगा. ह्या बाई तुमच्या कोण?”

बाळानं जांभई दिली. थेट हंसाबाईची जांभई. नेमसिंग उठून उभा राहिला.

“मारी बेटी छ,” तो तांड्याच्या बोलीत म्हणाला. हवालदाराला कळलं नसेल म्हणून पुन्हा, बाहेर व्हरांड्यात ऐकू जाईल असं: “माही लेक आहे. अन् हे माही नात.”

ममता रडता रडता हसायला लागली. तिनं बाळ त्याच्या हातात दिलं. नेमसिंगनं घाईघाईनं गोधडी ओढली आणि नातीला गुंडाळलं.

“आता लिहा साहेब,” तो म्हणाला. त्याला एकदम हलकं वाटत होतं. “घर फोडलं मी. घरधनी तक्रार देत असन तं देऊ द्या. मले मंजूर आहे.”

हवालदारानं टोपी काढून टेबलावर ठेवली, पुढे आला आणि वाकून नेमसिंगच्या पायांना हात लावला.

“घरधनी मीच आहो, मामाजी,” तो म्हणाला. “कडी मी बसवून घेतो. चला, आता पुढच्या दारानं चला.”