समोरची बाजू

“ह्याच्या बाजूनं कोण आलंय?” ऍमोस पेश्लाकायनं विचारलं. बैठक चालवायचं काम त्या म्हाताऱ्याकडे होतं.

चॅप्टर हाऊसमध्ये, वस्तीच्या सभागृहात, खुर्च्या गोल मांडल्या होत्या. दाराजवळच्या सगळ्या रिकाम्या, त्यांच्या मधोमध क्विंटन सॉल्ट नावाचा तरुण एकटा, मान खाली घालून बसलेला. बाहेर वारा सुटला होता. वाळू काचांवर आपटत होती.

“आई वारली,” तो पुटपुटला. “मावशीला फोन केला होता. तिनं उचलला नाही.”

समोर अर्लिंडा मेनीगोट्स बसली होती, शेजारी तिचा नवरा डेल्बर्ट. हिवाळ्यात ह्याच क्विंटननं नावाहो हद्दीबाहेरच्या गावात दारू ढोसून गाडी हाकली होती आणि रस्त्याकडेला टायर बदलणाऱ्या त्यांच्या एकुलत्या एका मुलाला उडवलं होतं. मेलेल्याचं नाव घ्यायचं नसतं, म्हणून घरात ते नाव बंद झालं. मारणाऱ्याचं नाव अर्लिंडानं बंद केलं. तो कोण, कुठला, तिनं कुणाला सांगू दिलं नाही.

बैठक मात्र तिच्याच कायद्यानं भरली होती. ती नावाहो जमातीच्या कौन्सिलची सभासद. वॉशिंग्टनकडून उसना घेतलेला कायदा माणसाला कोंडतो आणि दोन घरांमधली जखम तशीच चिघळत ठेवतो, यावर ती कौन्सिलमध्ये घसा फुटेस्तोवर भांडली होती. आपल्या पूर्वजांची रीत कायद्यात आणा, दोन्ही घरं समोरासमोर बसू द्या, असं तिचं म्हणणं. “ताई, दुसऱ्याच्या दुःखावर असं बोलणं सोपं असतं,” एका जुन्या सभासदानं टोमणा मारला होता. तरी कायदा झाला. मग लोकांना समजावत तीच दारोदार फिरली. रूबी एत्सिट्टीला भावाच्या खुन्याचं तोंडही बघायचं नव्हतं. अर्लिंडा तिच्या उंबऱ्यात ठाण मांडून बसली होती.

“तुझ्या घरचं कुणी असतं तर बसली असतीस?” रूबीनं विचारलं होतं.

“बसले असते,” अर्लिंडा बोलून गेली होती. रूबी बैठकीला आली.

आज अर्लिंडाला फक्त ‘नाही’ म्हणायचं होतं. मेलेल्याच्या घरानं नाही म्हटलं की बैठक मोडते, माणूस कोर्टात जातो आणि तिथून तुरुंगात. पिकअपमधून येताना नवरा-बायकोचं तसं ठरलं होतं. आणि आता तेवढंही बोलायची गरज उरली नव्हती. एकट्या माणसाला जाब विचारायचा नाही, त्याच्या बाजूला त्याचं कुणीतरी बसलंच पाहिजे, नाहीतर बैठक मोडते, हे कलमही तिनंच घातलेलं.

“निदान कूळ तरी सांग,” ऍमोस म्हणाला. “तू कोणाचा ते न विचारता तुला कोर्टात कसा पाठवू?”

क्विंटन उठला. “आईकडून मी पाणकाठ कुळाचा. वडिलांकडून लाल घराचा. आईचे वडील…”

पुढचं अर्लिंडाच्या कानात शिरलं नाही. ती पाणकाठ कुळाची होती. कोर्टाच्या कागदावर आडनाव असतं, तेही बापाचं. कूळ नसतं, आणि कूळ चालतं ते आईचं. आपल्या कुळातलं पोर ते आपलं पोर, आणि आईच्या वयाची कुळातली बाई ती आई. तिथं बसलेल्या कुणालाच हे सांगावं लागणार नव्हतं. ऍमोस जमिनीकडे बघत राहिला. त्यानं तिच्याकडे पाहिलं नाही.

डेल्बर्टनं तिचं मनगट धरलं. “गप्प बस,” तो दबक्या आवाजात म्हणाला. “काही बोलू नकोस. आपोआप होतंय सगळं.”

अर्लिंडानं पहिल्यांदाच त्या पोराकडे नीट पाहिलं. दया आली नाही. तिची नजर त्याच्या हातांवर गेली. हेच हात तेव्हा स्टिअरिंगवर होते. मग तिला रूबीचा चेहरा आठवला. भावाच्या खुन्यासमोर बसलेल्या रूबीनं पूर्ण वेळ अर्लिंडाकडेच बघितलं होतं.

तिनं मनगट सोडवून घेतलं. सूर्य फिरतो त्या बाजूनं, रीतीप्रमाणे, सगळ्या खुर्च्यांना वळसा घालत ती चालत गेली आणि क्विंटनशेजारी बसली. तो अंग चोरून बाजूला सरकला.

समोर डेल्बर्ट एकटा उरला होता.

“अर्लिंडा,” तो म्हणाला. “अगं, काय करतेस?”

ऍमोसनं घसा खाकरला. “पहिलं बोलणं मारणाऱ्याच्या घराचं.”

अर्लिंडानं नवऱ्याच्या डोळ्यांत पाहिलं. त्यानं मान हलवली, नको म्हणून.

“आमच्या पोरानं तुमचं पोर मारलं,” ती म्हणाली.