उंदरांवरचं औषध

"माज्या पाटल्या कुटं हायत?" गोजरआजी रोज विचारायच्या. अंकिताची काकू रोज तेवढ्याच मायेनं सांगायची, "अवो आत्याबाई, गड्ड्याच्या यात्रेत हरवल्या की." विसरणाऱ्या माणसासाठी नवं खोटं शोधावं लागत नाही. सांगताना काकू फक्त त्याच पाटल्या मोडून घडवलेल्या तोड्यांवर पदर ओढून घ्यायची.

फार्मसी शिकणाऱ्या अंकितानं रविवारी जेवताना बातमी सांगितली. आल्झायमरमध्ये मेंदूच्या पेशींना मरायला लावणारं एक एन्झाइम असतं. ते औषधानं अडवलं, तर गेलेली आठवण कदाचित परत येईल.

मानसिंगकाकांचा घास हातातच राहिला. काकूनं हळूच विचारलं, "जुनंबी आठवंल?"

"आठवेल की," अंकिता तिच्या मनगटाकडं बघत म्हणाली. "पण अजून सगळं उंदरांवरच चाललंय. माणसांसाठी यायला दहा वर्षं तरी जातील."

काकांनी कडक भाकरी मोडली. "शेत इकावं लागलं तरी चालंल, पर आईला ते औषध द्यायचंच."

काकूला इतकं भरून आलं, की तिनं तोच पदर उचलून डोळ्यांना लावला.