नकलेतला खटका

पायांत नुसते मोजे घालून ताई कारखान्याच्या हॉलभर गुडघ्यांवर रांगत होत्या. फरशीवर त्यांनीच काढलेला भलामोठा नकाशा अंथरला होता. परदेशी घरगुती कॉम्प्युटरमधला नखाएवढा प्रोसेसर उघडून त्यांच्यासोबत काम करणाऱ्या काकांनी सूक्ष्मदर्शकाखाली त्याचे फोटो काढले होते. त्यातली रेघ न् रेघ ताईंनी आठ महिने बसून पेन्सिलीने मोठी करून काढली. त्यावरून कारखान्याने स्वतःची चिप बनवली, टीव्हीला जोडायच्या स्वतःच्या स्वस्त कॉम्प्युटरमध्ये बसवली. पडदा उजळायचा आणि मिनिटभरात मान टाकायचा.

"कुठेतरी तुमची रेघ चुकलीय," साहेब सोमवारी येऊन सांगून गेले होते. "शनिवारपर्यंत सापडली नाही, तर हे काम बंद."

ताई आणि काका तिसऱ्यांदा सगळं ताडून बघत होते. एकही रेघ चुकलेली नव्हती. नक्कल हुबेहूब होती, आणि ताईंना तेच खुपत होतं.

"काका, आपण फोटोवर फार विश्वास ठेवतोय. मूळ चिप आणा बरं, सुई लावून मोजू."

विजेला वाट देणारे, अडवणारे हजारो खटके. दोघं एकेक मोजत गेले. शुक्रवारी दुपारी, चहा निवत असताना, एका खटक्यावर मीटरचा काटा हललाच नाही. फोटोत तो शेजारच्यांसारखाच दिसत होता.

"बिघडला असेल," काका म्हणाले.

"दुसरी चिप लावा."

दुसरीही नेमकी तिथेच मुकी.

ताईंनी फरशीवर बसकण मारली आणि त्या हसत सुटल्या. "मुद्दाम केलंय हो! दिसायला खटका, आत काही नाही. नक्कल करणारा तो खरा समजून काढणार आणि तोंडावर आपटणार."

"काय नग असेल तो बनवणारा! आठ महिने पाण्यात गेले आपले."

ताईंनी खोडरबर उचलला. जरा थांबल्या. मग अगदी हलक्या हाताने तो खटका पुसला.

महिन्याभराने नवी चिप आली. पडद्यावर पांढरा चौकोन लुकलुकू लागला. दहा मिनिटं झाली, तास झाला, तरी लुकलुकतच राहिला. साहेबांनी सगळ्यांसमोर सांगितलं, "ताई, रेघ तुमची चुकली नव्हती. मीच बोलताना चुकलो."

टाळ्या झाल्या, माणसं पांगली. काका मात्र धुसफुसतच होते. "त्या परदेशी माणसाला मी अजून शिव्या घालतोय. तुम्हाला राग नाही येत?"

"राग कसला? कधीतरी कोणीतरी येईल, आपली प्रत्येक रेघ जीव लावून बघेल, हे त्याने आधीच धरलं होतं. ती व्यक्ती कुठे फसेल, तेसुद्धा बरोबर ओळखलं." ताई लुकलुकणाऱ्या चौकोनाकडे बघत राहिल्या. "इतका विचार तर माझा घरच्यांनीही कधी केला नाही, काका."