पेटीच्या पलीकडचे मोजे

हवा लागली की मरणारे जिवाणू त्या दोघी बहिणी प्रयोगशाळेतल्या काचेच्या हवाबंद पेटीत वाढवत. पेटीच्या दोन्ही बाजूंना, बाहेरून हात घालून आत काम करता यावं म्हणून, लांब रबरी हातमोजे बसवलेले होते. अलीकडे धाकटी बसायची, पलीकडे थोरली. गेल्या महिन्यात थोरली वारली. तेव्हापासून पलीकडच्या मोज्यांत कुणीच हात घातला नव्हता.

आज सकाळी लख्ख उन्हात धाकटी कामाला बसली. कोपऱ्यातली जिवाणूंची बशी काही केल्या हाताला येईना. तेवढ्यात पलीकडचा एक मोजा हळूच आत आला, त्याची बोटं भरली, वळली, आणि बशी तिच्याकडे सरकली.

समोरची खुर्ची रिकामी होती.

"ताई?" तिच्या तोंडून जेमतेम शब्द फुटला.

मोज्याने तिचा हात धरला. रबरातूनही ऊब कळत होती. अंगठा मनगटावरून फिरू लागला, लहानपणी ताप आला की फिरायचा तसाच. तिची भीती कुठल्या कुठे पळाली.

"अगं, किती आठवण काढली तुझी!" ती रडत रडत हसली. "थांब हं, डोळे तरी पुसू दे."

तिने हात मागे घेतला, पण पकड सुटली नाही. दुसरा मोजाही भरला, आणि ते दोन्ही हात तिला मायेने आत ओढू लागले.