स्वतःच्या वापरासाठी

शेवटी सत्याचाच विजय झाला. हे सत्य वकिलांनी बारा वर्षांपूर्वी तयार करून दिलं होतं आणि त्याला हाडांच्या डॉक्टरांचा दाखला जोडलेला होता.

भाडेकरूने तळमजल्याच्या खोलीची किल्ली नानांच्या हातावर ठेवली. नाना घरमालक; राहायचे वरच्या मजल्यावर. किल्ली मुठीत धरून ते टेम्पोकडे, टेम्पोतल्या कपाटाकडे, कपाटावर उलट्या ठेवलेल्या खुर्चीकडे डोळे भरून पाहत राहिले.

"सुखानं राहा, नाना," भाडेकरू म्हणाला. "मी येत जाईन बघायला."

टेम्पो निघाला, वळला आणि रस्ता ओलांडून समोरच्या सलूनपाशी थांबला. सलूनच्या वर एक खोली होती. तिची खिडकी थेट नानांच्या जिन्याकडे बघायची.

भाडेकरू छापखान्यातला निवृत्त मुद्रितशोधक. भाडेकरार हातात दिला तेव्हा त्याने त्यातल्या सात चुका लाल शाईने दुरुस्त करून तो परत दिला होता. वैर तिथून सुरू झालं. नळ गळला की तो वर येऊन सांगायचा नाही, रजिस्टर पत्र पाठवायचा. नाना सही करून पत्र घ्यायचे आणि नळ गळू द्यायचे. भिंतीला ओल आली, तीही त्यांनी जिद्दीने वाढू दिली. माणूस मात्र हलेना. कायदा त्याच्या बाजूचा. भाडं वाढवता येईना, पाणी तोडता येईना, बाहेर काढता येईना. वकील म्हणाले, एकच वाट आहे: जागा मालकाला स्वतःच्या वापरासाठी हवी. कशासाठी हवी? तर गुडघे गेलेत, जिना चढवत नाही.

नानांचे गुडघे ठणठणीत होते. पण बारा वर्षं ते काठी टेकत चालले आणि प्रत्येक पायरीवर कण्हत जिना चढले. पोस्टमन समोर असला तर दोनदा कण्हायचे.

आभार मानायला गेले, तेव्हा वकिलांनी निकालाचं शेवटचं पान उलटलं. "आता एक वर्ष तिथं राहायचं. जिन्यावर दिसलात की भाडेकरू अर्ज करणार. गुडघे बरे म्हणजे गरज नाही. गरज नाही म्हणजे जागा त्याची."

"अहो, पण बारा वर्षं मी चढतच होतो की."

"तेव्हा नाइलाज होता. आता त्याला हौस म्हणतील."

नानांनी गादी खाली आणवली आणि ओलीच्या भिंतीपासून जमेल तितकी लांब टाकली. खोली दहा बाय दहा, त्यामुळे फार जमलं नाही. बायकोची पिशवी भरायची तेवढी राहिली होती. तिने ती भरलीच नाही.

"गुडघे तुमचे गेलेत," ती म्हणाली. "माझे शाबूत आहेत."

ती वर राहिली. दोन्ही वेळचा डबा दोरीने खाली सोडू लागली. भाडेकरू सकाळी आठला सलूनच्या बाकावर येऊन बसायचा. एका हातात पेपर, दुसऱ्या हातात मोबाइल. संध्याकाळनंतर खिडकीत. नाना त्याच्याकडे बघून गादीवर मुद्दाम पाय पसरायचे. तो मुद्दाम पान उलटायचा. सलूनवाल्याला गिऱ्हाइकं विचारायची, हे दोघं भाऊ का?

आठ महिने नाना मजेत होते. म्हणजे खोकला होता, पण शत्रू उन्हात आणि आपण सावलीत, हे समाधान मोठं होतं. मग मुलगी दहा महिन्यांच्या नातीला घेऊन महिनाभर राहायला आली. पहिल्या दिवशी पोरीला खाली आणलं, तर ओलीच्या वासाने तिला तासाभरात धाप लागली. डॉक्टर म्हणाले, पोरीला तळमजल्याच्या आसपासही नको. मग रोज सकाळी मुलगी गॅलरीत उभी राहून नात नानांना लांबून दाखवायची, आणि बाकीचा दिवस नाना छताकडे बघत तिचं रांगणं ऐकायचे. स्वयंपाकघर, बाहेरची खोली, पुन्हा स्वयंपाकघर. कुठे वळते तेही त्यांना कळायला लागलं.

एका दुपारी छतावरचा आवाज बदलला. रांगणं थांबलं. एक धप्प झालं. मग मुलगी गॅलरीत धावत आली.

"बाबा, उभी राहिली. हात सोडून. आता पाऊल टाकेल, या ना वर."

नाना काठी विसरून बाहेर आले. उजवा पाय पहिल्या पायरीवर पडलासुद्धा. समोर भाडेकरूने पेपरची घडी घातली आणि मोबाइल डोळ्यासमोर धरला.

"चढा ना, नाना," तो म्हणाला. "मी आहेच."

नानांनी वरच्या आवाजाचा अंदाज घेतला. मग भाडेकरूकडे पाहिलं. बारा वर्षं डोळ्यांसमोरून गेली, सगळ्या तारखांसकट. त्यांनी पाय खाली घेतला.

"कसा येऊ, बाळा," ते रस्त्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. "माझे गुडघे."

बायको गॅलरीत आली. तिने खाली नवऱ्याकडे पाहिलं. मग समोरच्या बाकाकडे.

"भाऊजी," ती म्हणाली, "तुम्ही तरी या. इतके महिने उन्हात बसलाय."

बारा वर्षांत ती त्याच्याशी पहिल्यांदाच बोलत होती. भाडेकरूने मोबाइल खिशात टाकला, शर्ट नीट केला आणि रस्ता ओलांडला. जिन्याशी तो क्षणभर थांबला.

"सरकता का जरा?"

नाना सरकले. तो दोन-दोन पायऱ्या गाळत वर गेला. वर टाळ्या वाजल्या. मग छतावर छोटी पावलं पडली. नानांनी मोजली: एक, दोन, तीन, चार.

"अगं बाई," वरून मुलीचा आवाज आला, "यांच्याकडेच गेली."

भाडेकरूच्या गुडघ्यांबद्दल कोर्टात काहीच नोंद नव्हती.