मोठा मासा

आमच्याकडं स्वयंपाक करणारी इरासीमावशी कचऱ्याच्या बादलीपाशी थबकली. सकाळी तिनं मला दिलेला मासा आत चहाच्या चोथ्यात पडला होता.

माझी बायको तिकडं गावाकडं, विट्यात आहे, गरोदर आहे. मूल होणार असलं की मावशीच्या जमातीत बापालाही नदीतला सगळ्यात मोठा मासा खाऊ घालतात. म्हणून तिनं तो पानात बांधून आणला होता.

मी ब्राझीलच्या या जंगलात सोनं गाळायला आलोय. खाणवाले पाऱ्यात मळलेले सोन्याचे गोळे आणतात, मी ते भट्टीत तापवतो. पाऱ्याचा धूर होतो आणि पावसाबरोबर नदीत उतरतो. शेठनं पहिल्याच दिवशी बजावलं होतं, “शहरातून येतंय तेच खा. इथला मासा नको, मोठा तर मुळीच नको. माणूस लुळा पडतो, बाईचं पोर अधू निपजतं.”

“तुमच्यात मासा चालत नाही का रे?” मावशीनं विचारलं.

“नाही, मावशी.” गावाकडं मी काटेसुद्धा चोखून खातो.

तिला हायसं वाटलं. माशाला चिकटलेला चोथा तिनं बोटांनी काढला, मासा स्वच्छ धुतला. “मग लेकीला नेते. सातवा लागलाय तिला. रोज मोठाच मासा देतोय आम्ही.”

तिला खरं सांगायचं, तर भट्टीचंही सांगावं लागलं असतं. माझ्याच तोंडावर थुंकावंसं वाटलं.

“ने,” मी म्हणालो. मग नाकातोंडावर मास्क चढवला आणि पुढचा गोळा भट्टीत ठेवला.